रुमाल टाकणारा वायू आणि टपावरचा ऑक्सिजन

एसटी फलाटाला लागते. दार उघडायच्या आत कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकतो आणि सीट आपल्या नावावर झाली असं जाहीर करतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू आपल्या रक्तात नेमका हाच उद्योग करतो. हिमोग्लोबिन ही गाडी, ऑक्सिजन हा रोजचा पासवाला प्रवासी, आणि हा रुमालवाला. हिमोग्लोबिनला चिकटायची त्याची ताकद ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट. म्हणजे हवेत तो चिमूटभर असला तरी गाडी बघता बघता त्याच्याच माणसांनी भरते. वर आणखी एक खोडी: जे थोडे पासवाले कसेबसे आत शिरलेले असतात, त्यांनाही तो आपल्या स्टॉपवर धड उतरू देत नाही. गाडी धावतेय, गच्च भरलेली आहे, पण मेंदू आणि हृदय या गावांना उतारू काही मिळत नाहीत.

या दांडगटाला उठवायचं कसं, याची गोष्ट फार गमतीची आहे. तिच्यात उंदीर आहेत, कॅनरी पक्षी आहेत, रक्ताशिवाय जगलेली डुकराची पिल्लं आहेत, मायकेल जॅक्सन आहे आणि शेवटी आपल्या बाथरूममधला गिझरही आहे.

ऊठ की रे बाबा

विषबाधा झालेल्या माणसाला नुसतं मोकळ्या हवेत आणून बसवलं, तर रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला साधारण ५ तास लागतात. तोंडावर घट्ट मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तेच काम ८०-९० मिनिटांत होतं. आणि बंद टाकीत बसवून, दाब नेहमीच्या तिप्पट करून ऑक्सिजन दिला, तर सुमारे २३ मिनिटांत! या तिसऱ्या प्रकाराचं नाव हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी. नाव भारदस्त आहे, कल्पना मात्र स्टँडवरचीच: पासवाल्यांची गर्दी इतकी वाढवायची की रुमालवाल्याला धक्के खात उतरावंच लागेल.

सीट नाही? टपावर बसा!

पण खरी गंमत पुढेच आहे. ऑक्सिजनला हिमोग्लोबिनची सीट लागतेच असं नाही. तो रक्तातल्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, सरळ विरघळूनही जाऊ शकतो. जसा सोड्याच्या बाटलीत वायू विरघळतो. एरवी हे प्रमाण नगण्य असतं: १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली. पण तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की तेच प्रमाण ६ मिलीच्या आसपास जातं. आणि स्वस्थ पडलेल्या शरीराला १०० मिली रक्तातून लागतो किती? ५ ते ६ मिली! म्हणजे आतल्या सगळ्या सीटा बळकावल्या गेल्या असल्या तरी नुसत्या टपावरच्या प्रवाशांवर गावाचं काम भागतं. आतला दांडगट उतरेपर्यंतची सोय झाली.

रक्त काढलं, तरी डुक्कर जिवंत

हे टपाचं गणित कुणालाही थाप वाटेल. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोएरेमा यांनी ते करूनच दाखवलं. त्यांनी डुकराच्या पिल्लांना दाबाच्या टाकीत नेलं, त्यांचं जवळजवळ सगळं रक्त काढून घेतलं आणि जागी तांबड्या पेशी नसलेला द्रव भरला. नेहमीच्या तिप्पट दाबाखालचा ऑक्सिजन हुंगत पिल्लं जिवंत राहिली. नंतर रक्त परत भरलं, पिल्लं ठणठणीत. १९६० साली छापलेल्या या निबंधाचं नावच होतं ‘रक्ताविना जीवन’. वैद्यकातल्या निबंधाला इतकं सिनेमाछाप नाव क्वचितच मिळतं, आणि मिळालं तरी ते इतकं खरं नसतं.

कुकरपेक्षा जास्त दाब

स्वयंपाकघरातला कुकर शिट्टीला येतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या साधारण दुप्पट असतो. कार्बन मोनॉक्साइडच्या रुग्णासाठी टाकीतला दाब असतो अडीच ते तीन पट. समुद्रात वीस मीटर खोल बुडी मारल्यावर अंगावर येतो तेवढा. माणूस शिजत मात्र नाही! हवा दाबताना टाकी जराशी ऊबदार होते आणि दाब उतरवताना गार पडते, एवढंच.

बाप हाल्डेन: गिनीपिग मीच

आता या गोष्टीचा नायक. जॉन स्कॉट हाल्डेन, स्कॉटलंडचा शरीरशास्त्रज्ञ. एखादा वायू विषारी आहे का हे पाहायचं, तर तो स्वतः हुंगून पाहायचा, अशी त्याची सरळ रीत. कार्बन मोनॉक्साइडही तो प्रयोगशाळेत बसून हुंगत असे, मध्येमध्ये स्वतःचं रक्त तपासत असे आणि पाय लटपटायला लागेपर्यंत टिपणं लिहीत असे. सुरक्षा समिती, संमतिपत्र वगैरे भानगडी तेव्हा नव्हत्या. असत्या तरी त्याने त्या जुमानल्या असत्या असं वाटत नाही.

१८९५ साली त्याने एका उंदराला नेहमीच्या दुप्पट दाबाचा ऑक्सिजन असलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला, तोही एरवी उंदराचा कधीच निकाल लागला असता इतका. उंदीर मजेत! हिमोग्लोबिन सगळं अडलेलं, पण प्लाझ्मात विरघळलेल्या ऑक्सिजनवर त्याचं भागत होतं. टपावरच्या प्रवासाचा पहिला पुरावा हा. बोएरेमांच्या डुकरांच्या पासष्ट वर्षं आधीचा.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९६ मध्ये, वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं गेली. हाल्डेनने मृतदेह तपासले आणि सांगितलं की बहुतेक जण स्फोटाच्या तडाख्याने मेलेलेच नाहीत. स्फोटानंतर खाणीत जो वायू साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने ते गेले. मग त्याने उपाय सुचवला: खाणीत उतरताना सोबत एखादा लहान जीव न्या. लहान जिवाचा श्वास भरभर चालतो, त्याला विष आधी चढतं, माणसाला पळायला वेळ मिळतो. उंदीरही वापरून पाहिले गेले, पण उंदीर झोपलाय की बेशुद्ध पडलाय हे खाणीच्या अंधारात कुणी ओळखायचं? कॅनरी पक्षी दांडीवरून खाली पडतो. सगळ्यांना दिसतं.

कॅनरीची अतिदक्षता खोली

आपल्याला वाटतं, कॅनरी म्हणजे बळीचा बकरा. पण खाणकामगारांना आपल्या पक्ष्याचा लळा लागायचा. म्हणून एक खास पिंजरा निघाला: वर हँडलच्या जागी ऑक्सिजनचं छोटं नळकांडं, पुढे गोल झडप. पक्षी पडला की झडप बंद करायची आणि नळ सोडायचा. पठ्ठ्या पंख झटकत उठून बसायचा. असा पिंजरा मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आजही पाहायला मिळतो. माणसासाठी ऑक्सिजनची टाकी नेमाने वापरात यायच्या कितीतरी आधी पक्ष्याला स्वतःची छोटी टाकी मिळाली होती!

ब्रिटनमधल्या खाणींतून कॅनरींना निवृत्ती मिळाली ती थेट १९८६ च्या अखेरीस, इलेक्ट्रॉनिक यंत्रं हातात आल्यावर.

लेक हाल्डेन: कानातून धूर

बापाने लेकालाही सोडलं नाही. मुलगा लहान असताना बाप त्याला खाणीत घेऊन गेला आणि छताजवळ साचलेल्या मिथेन वायूत उभं राहून शेक्सपिअरचं भाषण म्हणायला लावलं. चार ओळी होतात न होतात तोच पोरगं खाली कोसळलं. जमिनीलगतची हवा बरी असल्यामुळे लगेच शुद्धीवर आलं. धडा पक्का झाला: हा वायू हलका, वर साचतो.

तोच मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, नामवंत जनुकशास्त्रज्ञ. १९५७ साली इंग्लंड सोडून तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी तो स्वतः दाबाच्या टाकीत बसून प्रयोग करत असे. जास्त दाबाखालच्या ऑक्सिजनने त्याला फिट आली, पाठीचे मणके दुखावले, कानाच्या पडद्याला भोक पडलं. त्यावर त्याचं म्हणणं काय, तर पडदा फाटला की कानातून तंबाखूचा धूर सोडता येतो आणि चारचौघांत त्याने मोठी करमणूक होते. असे बाप-लेक एका घरात असताना त्या घरातल्या बाईंचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ती फिट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. अतिदाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला चेव आणतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणून आजही टाकीत ऑक्सिजन सलग देत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं ऑक्सिजन, मग पाच मिनिटं साधी हवा, पुन्हा ऑक्सिजन. प्राणवायूपासूनही विश्रांती घ्यावी लागते!

उंदरापासून माणसापर्यंत: ६५ वर्षं

१८९५ मध्ये उंदराला जमलेली गोष्ट माणसावर करायला १९६० उजाडलं. ग्लासगोमध्ये स्मिथ आणि शार्प या डॉक्टरांनी कार्बन मोनॉक्साइडच्या रुग्णांना टाकीत ऑक्सिजन देऊन बरं केलं आणि ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तसं छापलं. ग्लासगोतच का? कारण तेव्हा ब्रिटनमधल्या घराघरांत चुलीला येणारा गॅस दगडी कोळशापासून बनायचा आणि त्यातच कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असायचा. नळी सुटली की विष थेट खोलीत. असे रुग्ण रोजचेच.

आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली जे गॅसचे दिवे लागले, तेही याच कोळशाच्या गॅसवर. संध्याकाळी शिडी खांद्यावर घेऊन येणारा बत्तीवाला आठवणींच्या पुस्तकांत फार रम्य दिसतो. त्याच्या दिव्यातल्या गॅसबद्दल कुणी लिहीत नाही.

एक भला मोठा लोखंडी चेंडू

दाबाच्या टाकीने सगळंच बरं होतं असं म्हणणारे पूर्वीही होते. अमेरिकेतल्या ऑर्व्हल कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरसाठी १९२८ साली क्लीव्हलंडमध्ये ६४ फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. आत मजले, खोल्या, जहाजासारख्या गोल खिडक्या. खर्च दहा लाख डॉलर. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर म्हणे उपाय. पुरावा मागितला तर पुरावा काही निघाला नाही आणि अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे गोळ्यात शुद्ध ऑक्सिजन नव्हताच, होती नुसती दाबलेली हवा. १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड कमी पडू लागलं, तेव्हा गोळा भंगारात गेला.

मायकेल जॅक्सनची झोप

१९८६ साली एका अमेरिकी साप्ताहिकात फोटो झळकला: मायकेल जॅक्सन काचेच्या पेटीत डोळे मिटून पडलेला. दीडशे वर्षं जगण्यासाठी तो म्हणे रोज ऑक्सिजनच्या पेटीत झोपतो! जगभर बोलबाला झाला. प्रत्यक्षात ती पेटी भाजलेल्या रुग्णांसाठी होती. त्याआधी दोन वर्षं एका जाहिरातीच्या चित्रीकरणात त्याचं डोकं भाजलं होतं, त्या निमित्ताने जळीत रुग्णांच्या विभागाशी त्याचा संबंध आला होता. पेटीत नुसतं आडवं होऊन फोटो काढला, असं त्याने १९९३ मध्ये टीव्हीवर सांगितलं. आजही शहरोशहरी ‘तरुण व्हा, ताजेतवाने व्हा’ म्हणून फुगवलेल्या पेट्यांतली सत्रं विकली जातात, ती याच फोटोची नातवंडं.

आत जाताना काय नेऊ नये

मोबाइल नाही, लायटर नाही, अत्तर नाही, लिपस्टिक नाही. डोक्याला खोबरेल चोपडलेलं असेल तर आधी धुऊन या. नायलॉन नाही, रेशीम नाही; पैठणी कितीही आवडती असली तरी इथे सुती गाउनच. कारण भरपूर ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही पुरते. १९९७ मध्ये मिलानमधल्या एका रुग्णालयात टाकीला आग लागून ११ जण गेले. त्यामुळे झडती घेणाऱ्या नर्सबाईंवर कुणी रागावू नये.

दुसरी गोष्ट कानांची. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ते हवेचा दाब जेमतेम सहा-सात टक्क्यांनी वाढल्यामुळे. इथे तो तिप्पट होतो! म्हणून दाब वाढत असताना जांभया द्या, थुंकी गिळा, असं सांगतात. बेशुद्ध रुग्णाला हे कसं जमणार? गरज पडली तर त्याच्या कानाच्या पडद्याला डॉक्टर बारीकशी चीर देतात, ती मागाहून भरून येते.

असल्या टाक्या मुळात पाणबुड्यांसाठी. खोलवरून घाईने वर आलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्यावर हा उपाय. म्हणून हे शास्त्र जगभर नौदलांच्या अंगणात वाढलं. आपल्याकडे कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाशेजारी नौदल वैद्यकाची संस्था आहे. आता मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांतही टाक्या आल्या आहेत.

९८ टक्के? फसलात!

कोविडने आपल्या प्रत्येकाच्या घरात ऑक्सिमीटर आणून ठेवला. माझा अजून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे. पण कार्बन मोनॉक्साइडपुढे हा पठ्ठ्या साफ फसतो. सीट भरलेली आहे एवढंच त्याला दिसतं, बसलंय कोण ते नाही. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला लालबुंद दिसतं आणि तो खुशाल ९८ दाखवतो. खरा आकडा कळायला वेगळी रक्ततपासणी लागते.

लालबुंद म्हणजे किती? या वायूने मांसाचा रंग इतका ताजा दिसतो की अमेरिकेत मांसाच्या पाकिटात तो किंचित भरायला परवानगी आहे. युरोपीय संघात मनाई आहे. रुग्णाची कातडी मात्र चेरीसारखी गुलाबी होते हे पुस्तकातलं लक्षण जिवंत माणसात क्वचितच दिसतं. ते दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मग टाकी खरंच लागते का?

इथे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १९१ रुग्णांच्या चाचणीत टाकीचा फायदा दिसला नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये १५२ रुग्णांवर चाचणी झाली. पहिल्या चोवीस तासांत टाकीत तीन सत्रं झालेल्यांपैकी २५ टक्के लोकांना सहा आठवड्यांनी विसरभोळेपणा, लक्ष न लागणं असे मेंदूचे त्रास होते. टाकीतला दाब न मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. कारण हा वायू जाताना उधारी ठेवून जातो. माणूस बरा होऊन घरी येतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, स्मरणशक्ती दगा देते. टाकीचा खरा वाद या उधारीपुरताच आहे. बेशुद्ध पडलेल्यांना, हृदयाला धक्का बसलेल्यांना आणि गरोदर बाईला टाकीत न्यावं याकडे बहुतेक डॉक्टरांचा कल असतो, कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन तर या वायूला आणखीच घट्ट धरून बसतं. बाकीच्यांना घट्ट मास्कमधला शुद्ध ऑक्सिजन, तोही तात्काळ. माझं मत विचाराल तर टाकी शोधत तीन तास फिरण्यापेक्षा जवळच्या दवाखान्यातला मास्क दहा मिनिटांत मिळालेला बरा. टाकीचं मग पाहता येईल.

बळींची यादी, थोडक्यात

कादंबरीकार एमिल झोला, पॅरिस, १९०२: धुराडं तुंबलं, शेकोटी रात्रभर धुमसली. बायको वाचली, झोला गेला. पोलिसांनी त्याच खोलीत शेकोटी पेटवून गिनीपिग ठेवले, ते सकाळी सुखरूप! म्हणून घातपाताची कुजबुज आजही थांबलेली नाही. इटलीत बाल्व्हानोजवळ, मार्च १९४४: चढावर वाफेची गाडी बोगद्यात अडकली आणि तिच्या धुराने पाचशेहून जास्त माणसं गेली. टेनिसपटू व्हायटस गेरुलायटिस, १९९४: पोहण्याच्या तलावाच्या नीट न बसवलेल्या हीटरने, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मित्राच्या पाहुणघरात.

आणि आपला गिझर

घरगुती सिलिंडर गळला की वास येतो, कारण कंपन्या त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, चव नाही. छोट्या बाथरूममध्ये दार-खिडकी लावून गॅस गिझर चालवला की ज्योत खोलीतला ऑक्सिजन संपवते, मग ती अर्धवट जळते आणि रुमालवाला जन्माला येतो. आत आंघोळ करणाऱ्याला वाटतं, कढत पाण्याने जरा गरगरलं. बाहेरच्यांना वाटतं, घसरून पडला, फिट आली, हार्ट अटॅक असेल. हिवाळ्यात बंद खोलीतली कोळशाची शेगडी, तंबूत नेलेली बार्बेक्यू, बंद गॅरेजमधली चालू गाडी, खोलीत लावलेला जनरेटर, या सगळ्यांची जात एकच.

तेव्हा गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. नळी आत येऊ द्या, ज्योत नको. आणि कुणी आत कोसळलंच तर दार-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला बाहेर ओढा आणि १०८ फिरवा. डॉक्टर येताच पहिलं वाक्य हे सांगा: ‘आत गॅस गिझर चालू होता.’ ऑक्सिमीटरवर ९८ आलं तरी सांगा.